घाटाखाली राहिलेला स्वयंपाक

बेडशाची लेणी कोरणाऱ्या पाथरवटांनी भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा कधी खाल्ला नाही. पवन मावळातल्या त्या डोंगरावर छिन्नी चालत होती तेव्हा, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपास, मिरची फक्त अमेरिका खंडात होती. बटाटा, शेंगदाणा, मका, टोमॅटो, काजू, पेरू हेही सगळे तिकडेच. आपल्याकडे तिखटपणासाठी मिरे होते, पिंपळी होती, सुंठ आणि मोहरी होती. पुढची दीड हजार वर्षे दख्खनची चूल त्यांच्यावरच चालली. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त माशांचे प्रकार आहेत, डुकराचे मांस भाजण्याची रीत आहे, हिंग, मिरे आणि आले आहे. मिरची मात्र नाही, आणि ती असणे शक्यही नव्हते.

आज त्याच लेण्यांच्या पायथ्याशी, करुंज-बेडशाच्या कोणत्याही घरात, मिरचीवाचून एक दिवस निघायचा नाही. ही मिरची समुद्रावरून आली, पोर्तुगिजांच्या जहाजातून उतरली आणि मग घाट चढून वर आली. पण त्या जहाजांतून एकटी मिरची उतरली नव्हती. तिच्याबरोबर स्वयंपाकाची एक संपूर्ण रीत आली होती: मांस आणि मासे आंबवणात, म्हणजे सिरक्यात, मुरवण्याची, लसणाचा सढळ वापर करण्याची, भट्टीत पाव भाजण्याची, अंड्याच्या बलकाची गोडधोडे करण्याची. मिरची घाट चढली. ही रीत खालीच राहिली. मराठी इतिहासात पोर्तुगीज म्हटले की आपल्याला किल्ले, तोफा आणि वसईचा रणसंग्राम आठवतो. त्या किल्ल्यांच्या आडोशाला जे शिजत होते, ते कोणी जपले याची नोंद आपण फारशी ठेवली नाही. मला तो इतिहास किल्ल्यांइतकाच मोलाचा वाटतो.

बेडशाचे गाव आज आडबाजूला वाटते, पण लेणी कोरली गेली तेव्हा ते वाहत्या वाटेवर होते. इथल्या शिलालेखात नाशिकच्या आनंद श्रेष्ठीच्या मुलाने दिलेल्या दानाची नोंद आहे. कल्याण, सोपारा आणि चौल या बंदरांतला माल बोरघाटातून देशावर चढायचा, आणि कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी त्या वाटेच्या आजूबाजूला उभी राहिली. लोहगड-विसापूर पुढे त्याच वाटेवर पहारा करू लागले. पोर्तुगीज आले ते या वाटेच्या खालच्या टोकाला. वर त्यांची सत्ता कधी चढली नाही.

१५०५ साली त्यांची जहाजे चौलला लागली. १५०८ मध्ये इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराशी चौलच्या बंदरात त्यांची लढाई झाली आणि व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द अल्मेडा तिथे मारला गेला. १५१० मध्ये अल्बुकर्कने गोवा घेतला. १५२१ मध्ये अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने चौलला, म्हणजे आजच्या रेवदंड्याला, त्यांना ठाणे बांधू दिले, आणि १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई त्यांच्या हाती आली. तीस वर्षांत उत्तर कोकणचा किनारा त्यांचा झाला.

या लोकांना खायला काय लागे? पोर्तुगालचा किनाऱ्यावरचा स्वयंपाक गरीब कोळ्यांचा आणि खलाशांचा. ऑलिव्हचे तेल, लसूण, कांदा, वाइन, मीठ आणि मासा, एवढ्यावर त्यांची बहुतेक पदार्थांची यादी पुरी होते. अनेक जातींचे मासे कांद्याबरोबर थरांनी लावून एका भांड्यात शिजवायचे, त्याला ते काल्देइराडा म्हणतात. उत्तर अटलांटिकचा कॉड मासा खारवून-वाळवून ठेवायचा, तो बाकल्याव. आणि मदेरा बेटावर आजही नाताळला होणारा पदार्थ म्हणजे वाइन आणि लसणात मुरवलेले डुकराचे मांस. महिनोन्महिन्यांच्या समुद्रप्रवासात आंबटात आणि मिठात मुरलेले मांसच टिके, म्हणून ही रीत जहाजावरच्या माणसाच्या अंगवळणी पडलेली होती.

कोकणात उतरल्यावर यातले काहीच मिळेना. द्राक्षे नाहीत म्हणजे वाइन नाही, ऑलिव्ह नाही, उष्ण समुद्रात कॉड नाही. भात पिकवणाऱ्या किनाऱ्यावर गहूही नाही. पण गव्हाचा प्रश्न आपल्या घाटांनी सोडवला. सोळाव्या शतकाच्या आरंभी दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीज लेखकाने चौलच्या बाजाराचे वर्णन लिहिले आहे. देशावरून लादलेल्या बैलांचे तांडे येतात, गावाबाहेर मुक्काम पडतो, जत्रेसारखा बाजार भरतो, असे तो सांगतो. आणि तिथल्या मालात तांदूळ आणि तिळाच्या बरोबरीने गहूही मोजतो. हे तांडे वरून घाट उतरूनच येत असणार. चौलच्या भट्टीत पडलेल्या पहिल्या पावांमध्ये देशावरचा गहू होता, असे म्हणायला मला अडचण वाटत नाही.

आंबटाचा प्रश्न माडाने सोडवला. गार्सिया द ओर्ता हा वैद्य गोव्यात राहत होता आणि मुंबईचे बेट त्याच्याकडे पट्ट्याने होते. औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात नारळावरचे प्रकरण आहे, आणि सुरा म्हणजे माडी कशी काढतात, तिची दारू कशी गाळतात, तिच्यापासून आंबवण कसे होते हे तो बारकाईने सांगतो. वाइनच्या जागी माडीचे आंबवण आले, त्याच माडीने पीठही फुगू लागले, ऑलिव्हच्या तेलाची जागा खोबरेल आणि नारळाच्या दुधाने घेतली. कॉड नव्हता, पण वाळवलेला बोंबील, सुका बांगडा आणि सुकट किनाऱ्यावर आधीपासून होतीच.

हे बदल पोर्तुगीज सैनिकाने केले नाहीत, त्याला ते जमलेही नसते. लिस्बनहून येणाऱ्या जहाजांत बायका अगदी थोड्या असत. अल्बुकर्कने आपल्या माणसांना इथल्या स्त्रियांशी लग्ने करायला उत्तेजन दिले, आणि या स्त्रियांच्या हाती ती चूल गेली. नवरा आपल्या आईच्या हातचा पदार्थ वर्णन करून सांगणार आणि बायको तो आपल्या पाट्यावर, आपल्या मसाल्यात, आपल्या माडीच्या आंबवणात उभा करणार. मदेराच्या त्या साध्या वाइन-लसणाच्या मांसात मिरची, जिरे, मिरे, दालचिनी, हळद शिरली ती अशी. गोव्यात त्याचे विंदालू झाले, वसई-मुंबईकडे इंद्याल. मूळ पदार्थाची बांधणी तीच राहिली, चव मात्र पूर्ण इथली झाली. पाचशे वर्षांच्या या स्वयंपाकाच्या पहिल्या आचारी या बायका होत, आणि त्यांतल्या एकीचेही नाव आपल्याला ठाऊक नाही.

अशाच एका घरात, पोर्तुगीज बापाच्या आणि कोकणी आईच्या पोटी, वसईत गोन्सालो गार्सियाचा जन्म झाला. तो फ्रान्सिस्कन झाला, जपानला गेला आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर त्याला मरण आले. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले. स्वयंपाकाच्या इतिहासातही जपान आपला शेजारी ठरतो. पिठात बुडवून भाज्या आणि मासे तळण्याची पोर्तुगीज रीत जपान्यांनी उचलली आणि त्यातून तेंपुरा निघाला. एकाच जहाजी स्वयंपाकाने नागासाकीत एक वळण घेतले, वसईत दुसरे. मलाक्का आणि मकावकडून कोळंबीचे तिखट बालशांव गोव्यात आले, आफ्रिकेच्या मोझांबिककडून हिरव्या वाटणातले काफ्रेयाल. ज्याला आपण ‘पोर्तुगीज’ म्हणतो त्या ताटात चार समुद्रांचे पाणी आहे.

या चुलीवर धर्मसत्तेचीही नजर होती. १७३६ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, एक जाहीरनामा काढला. अ. का. प्रियोळकरांनी इन्क्विझिशनवरील आपल्या ग्रंथात या काळाचा सविस्तर शोध घेतला आहे. बाटलेल्या लोकांनी जुने रीतिरिवाज सोडावेत म्हणून जाहीरनाम्यात मनाईंची लांबच लांब यादी आहे. अंगणात तुळस नको, धोतर-चोळी नको, लग्नात विड्याची पाने वाटणे नको. आणि त्यातच, हिंदूंच्या पद्धतीने बिनमिठाचा भात शिजवणे नको, हेही आहे. मिठाची चिमूट भातात आधी पडते की नंतर, यावर माणसाचा धर्म मोजला जात होता! दुसऱ्या बाजूनेही भीती तितकीच होती. विहिरीत पाव टाकून अख्खे गाव बाटवल्याच्या कथा कोकणात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या, आणि कितीतरी सोवळ्या घरांत पावाला फार उशिरापर्यंत प्रवेश नव्हता. दोन्हींकडून अशा भिंती उभ्या असताना हा स्वयंपाक जगला, हे मला विलक्षण वाटते.

जाहीरनाम्याला वर्ष उलटते न उलटते तोच मराठ्यांची साष्टीवर स्वारी झाली. १७३७ मध्ये ठाणे पडले. चिमाजीअप्पांच्या सैन्यात देशावरची आणि मावळातली माणसे होती. ती घाट उतरून खाली गेली, आणि मे १७३९ मध्ये, भयंकर प्राणहानी सोसून, त्यांनी वसई घेतली. शरणागतीच्या अटी उदार होत्या. पोर्तुगिजांना चीजवस्तू घेऊन जाता आले, आणि जे मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळायची मुभा मिळाली. १७४० मध्ये चौल आणि कोर्लईही मराठ्यांकडे आली.

वसईच्या चर्चमधल्या घंटा विजयचिन्हे म्हणून घाटावर आणल्या गेल्या. भीमाशंकरला १७२९ सालची घंटा आजही टांगलेली आहे. वाईजवळ मेणवलीलाही एक आहे. मावळातल्या माणसाला या स्वारीची खूण दाखवायची तर या घंटा दाखवता येतात.

फिदाल्गो म्हणजे उमराव घराणी गोव्याकडे निघून गेली. पाद्रीही गेले. राहिले ते शेतकरी, कोळी, भंडारी, सुतार, बागायतदार: दोनशे वर्षांपूर्वी ख्रिस्ती झालेली आणि जमिनीला धरून असलेली इथलीच माणसे. आता त्यांच्यावर राज्य मराठ्यांचे, धर्मकार्याला गोव्याच्या आर्चबिशपांच्या अखत्यारीतले एतद्देशीय पाद्री, आणि लिस्बनशी संबंध जवळजवळ संपलेला. साहजिक अपेक्षा अशी की दोन-तीन पिढ्यांत सगळे परके विरून जाईल. झाले उलटेच. राज्यकर्ते गेल्यावर त्यांचा स्वयंपाक सत्तेचा राहिला नाही, घरचा झाला. सणाला काय शिजते, लग्नाच्या आदल्या दिवशी काय तळतात, यावर एक समाज स्वतःला ओळखू लागला.

कोर्लईचे उदाहरण तर भाषेचेच आहे. कुंडलिका खाडीच्या मुखाशी, किल्ल्याच्या पायथ्याला असलेल्या त्या गावात, जेमतेम हजारभर ख्रिस्ती लोक पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली बोली अजून घरात बोलतात. ‘नोलिंग’, आमची भाषा, एवढेच तिचे नाव. १७४० नंतर तिथे पोर्तुगीज शिपाई नाही, अंमलदार नाही. बोली टिकली ती आईकडून लेकराकडे जात जात, घरातल्या कामांत, चुलीजवळच्या गप्पांत. स्वयंपाक टिकण्याची वाटही हीच होती.

वसई, साष्टी आणि मुंबईच्या गावठाणांत जे टिकले ते सविस्तर सांगण्याजोगे आहे. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या साली, इथल्या मूळ ख्रिस्ती लोकांनी गोव्याहून आणि मंगळुराहून नोकरीसाठी आलेल्यांपासून आपली वेगळी ओळख सांगावी म्हणून ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले आणि बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन केली. घरात बोलणे मराठीच्या बोलीत, लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत उंबराच्या पाण्याला जाणे, नवरीला हिरव्या बांगड्या. आणि जेवणात इंद्याल, सोरपोतेल आणि मोयली. सोरपोतेल ही डुकराच्या मांसाची, काळजाची आणि इतर अवयवांची बारीक चिरून केलेली आंबट-तिखट कालवणाची तऱ्हा. ती सणाच्या तीन-चार दिवस आधी शिजते, रोज एकदा कढवली जाते आणि दर दिवशी अधिक चांगली लागते. पोर्तुगालच्या आलेन्तेझु प्रांतातला हा पदार्थ तिथे कोकराच्याही मांसाचा करतात. मोयली बदकाची, सणासुदीची. याच्या जोडीला फुगे: माडीने फुगवलेल्या पिठाचे गोळे मुठीतून तेलात सोडायचे, आतून पोकळ आणि हलके.

पण या घरांची खरी दौलत म्हणजे बाटली मसाला. एप्रिल-मेच्या उन्हात दोन-तीन प्रकारच्या मिरच्या, धणे, हळद, तीळ, खसखस, गहू, हरभरे, दगडफूल, नागकेशर, तिरफळ, जायपत्री असे वीस-पंचवीस, काही घरांत त्याहूनही अधिक जिन्नस वाळत पडतात. मग एकेक जिन्नस वेगळा भाजायचा. मसाला कांडणाऱ्या बायका गटाने घरोघरी जात, उखळीभोवती उभ्या राहून आळीपाळीने मुसळ घालत. मसाला भरायचा तो बिअरच्या गडद तपकिरी बाटल्यांत, कारण उजेड लागला की रंग आणि वास उडतो; आणि तो लाकडी दांड्याने ठासून भरायचा, म्हणजे आत हवा राहत नाही. प्रमाण प्रत्येक घराचे वेगळे आणि सासूकडून सुनेला मिळालेले. यात पोर्तुगिजांनी आणलेला जिन्नस एकच, मिरची. बाकी सगळा मसाला दख्खन आणि कोकणात आधीपासून वापरातला. तरीही हा मसाला हिंदू शेजाऱ्याच्या घरी होत नाही. दोन्हींकडचे घेऊन तिसरेच काही घडते, ते याच्याइतके स्पष्ट कुठे दिसत नाही.

या स्वयंपाकावर पुढचा घाव आला तो कायद्याचा. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने माडांवरचा कर आणि माडीवरचा सरकारी ताबा घट्ट झाला. भंडाऱ्यांचा पिढीजात धंदा त्यात भरडला. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने उरलेसुरले संपवले. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दारूचे गुत्ते होते. पण माडी हे पाव आणि फुगे फुगवण्याचे साधन होते, इंद्यालाच्या आंबवणाचे मूळ होते. घरोघर यीस्ट आले, कारखान्यातले आंबवण आले. जाणकार बायका सांगतात की फुगा फुगतो, पण चव तीच राहत नाही.

दरम्यान गोव्याकडून आणखी एक प्रवाह मुंबईकडे वाहत होता. गोव्यातली तरुण मंडळी जहाजांवर खानसामे आणि आचारी म्हणून जात, इंग्रज आणि पारशी घरांत स्वयंपाकी होत, क्लब-हॉटेलांच्या मुदपाकखान्यांत राबत. धोबीतलाव-गिरगाव भागात गावोगावचे ‘कुड’ होते. बोट लागेपर्यंत माणूस आपल्या गावच्या कुडात मुक्काम करी. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, खंडाळा-लोणावळ्याला मुंबईकरांचे बंगले उठले, आणि बंगल्यांबरोबर त्यांची स्वयंपाकघरेही वर आली. बेडशाहून दिसणाऱ्या डोंगरांपलीकडे, लेण्यांच्या त्याच जुन्या वाटेने, पाव शेवटी घाट चढला. कर्जतच्या फलाटावर घाटाचे इंजिन जोडेपर्यंत प्रवासी वडा-पाव खातात. त्यातला बटाटा, मिरची आणि पाव हे तिन्ही पोर्तुगिजांच्या मार्गाने आलेले, आणि तरी त्याहून अधिक मराठी खाणे सापडणे कठीण.

गोव्यात राज्य १९६१ पर्यंत टिकले, त्यामुळे तिथे ऑलिव्हचे तेल, बाकल्याव, पोर्ट वाइन बड्या घरांतून येत राहिली. १९ डिसेंबर १९६१ नंतर तो पुरवठा आटला आणि गोव्याचा ख्रिस्ती स्वयंपाकही, वसईचा दोनशे वर्षांपूर्वी झाला तसा, आपल्या मातीवर उभा राहिला. पुढे पर्यटन आले आणि एक वेगळाच धोका उभा राहिला. हॉटेलवाले कोणत्याही तिखट लाल रश्शाला विंदालू म्हणू लागले, इंग्लंडमधल्या उपाहारगृहांनी तर तिखटाची पायरी म्हणून ते नाव वापरले. आंबवण आणि लसूण, म्हणजे पदार्थाचा जीवच, त्यातून निघून गेला.

अशा वेळी गोव्याच्या ताज हॉटेलांत शेफ उर्बानो रेगो यांनी घरगुती गोवेकरी पदार्थांना मोठ्या हॉटेलच्या टेबलावर जागा मिळवून दिली. मुंबईत वाढलेले गोवेकर शेफ फ्लॉइड कार्डोझ यांनी १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘तबला’ या उपाहारगृहात हे मसाले नेले, आणि २०१७ मध्ये मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात ‘ओ पेद्रो’ उभे करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. मार्च २०२० मध्ये करोनाने त्यांचा बळी घेतला. इतिहासकार फातिमा द सिल्व्हा ग्रासियस यांनी ‘कोझिन्या द गोवा’ या पुस्तकात या खाण्याचा इतिहास संगतवार मांडला. २०२३ मध्ये गोव्याच्या बेबिंकाला, नारळाचे दूध आणि अंड्याच्या बलकाच्या त्या थरांच्या गोडाला, भौगोलिक मानांकन मिळाले. हे सगळे मोलाचे आहे. पण या शेफमंडळींनी जे उचलले ते घराघरांतून उचलले, आणि घर ढिले पडले तर हॉटेलला उचलायला काही राहणार नाही.

सध्याची सगळ्यात मोठी अडचण माडावर चढणाऱ्या माणसाची आहे. गोव्यात ज्यांना रेंदेर म्हणतात, ते दिवसातून तीनदा माडावर चढतात, पोय कापतात, माडी उतरवतात. काम जोखमीचे, मिळकत तुटपुंजी, मुलांना ते नको आहे, आणि यात त्यांना दोष देता येत नाही. वसईतही बागायतीच्या जागी इमारती उठल्या. ‘सुवार्ता’ मासिकाचे माजी संपादक, दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईसाठी दिलेला लढा या माडांच्याही बचावाचा होता. माडीचे आंबवण ताजे असते तेव्हा मऊ, किंचित गोडसर आंबट लागते आणि महिन्यागणिक तीव्र होत जाते. इंद्याल करणारी बाई बाटलीतले आंबवण जिभेवर ठेवूनच त्या दिवशी किती घालायचे ते ठरवते. ते प्रमाण कोणत्याही पुस्तकात ‘दोन चमचे’ म्हणून उतरत नाही. ईस्ट इंडियन असोसिएशनने काढलेल्या पाककृतींच्या पुस्तकात जिन्नस मिळतील. आंबवण ओळखणारी जीभ मात्र अजून वसई, उत्तन, मनोरी, गोराईच्या घरांतल्या वयस्क बायकांकडे आहे, आणि त्यांच्याकडे बसून शिकणाऱ्या त्यांच्या सुना-नातींकडे.